सोलापुरी चादर शोधली की आमची सोडून सगळ्यांची दिसते. मालाची माहिती भरायची एकच पद्धत आहे का?

मागावरची_मुलगी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय घोळ कळणार नाही.

आमचं घर सोलापुरात पूर्व भागात. खाली कारखाना, वर आम्ही. आठ जेकार्ड माग, सगळ्यांवर चादरी. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, सूतवाल्याशी हिंदी, असं आमचं चालतं. नाना (माझे वडील) माल बघतात. मी दोन वर्षांपासून ऑनलाइनचं बघते: तीन पोर्टल, शिवाय आत्तेभावानं करून दिलेली आमची वेबसाइट.

मागच्या रविवारी पुण्याला आत्याकडं गेले होते. जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, शेजारणीला दाखवायचीय, तुमची चादर काढ की फोनवर. मी ऐटीत शोधलं. वरून खाली सगळं पॉलिस्टर, छापील फुलं, नाव मात्र 'सोलापुरी चादर'. म्हटलं गाळणी लावू. 'कॉटन' लावलं, थोडी गर्दी कमी झाली. 'डबल बेड' लावलं आणि आमची चादर गायब. एकही नाही. शेजारीण म्हणाली, "संपली असेल हो." गोदामात साडेतीनशे नग पडलेत!

घरी येऊन रात्री दीडपर्यंत बसले तेव्हा उलगडा झाला. त्या पोर्टलवर लांबी-रुंदीच्या रकान्याला सेंटिमीटर हे माप ठरलेलं आहे. आम्ही त्यात ६० आणि ९० भरलेलं. इंच! म्हणजे पोर्टलच्या हिशेबानं आमची चादर ६० बाय ९० सेंटिमीटर, बाळाच्या दुपट्याएवढी. आमची डबल चादर दोन वर्षं बाळंतविड्यात पडून होती.

मग बाकीचं उघडून बघितलं. दुसऱ्या पोर्टलवर तीच चादर '५ × ७.५ फूट', तिसऱ्यावर नुसतं 'डबल', आमच्या वेबसाइटवर फक्त फोटोवर लिहिलेलं ६०×९०. फोटोतलं कोण वाचणार? रोमनमध्ये 'चादर'च्या स्पेलिंगमध्ये कुठं एक डी, कुठं दोन. एका ठिकाणी ती 'बेडशीट'मध्ये टाकलीय, म्हणून दर महिन्याला एक तरी माणूस माल परत पाठवतो: उशीचे अभ्रे कुठायत? अहो, सोलापुरी चादरीबरोबर अभ्रे कधी आलेत? ती अंथरायची, पांघरायची, पाहुणे आले की गादीवर टाकायची. पोर्टलला हे कसं सांगायचं?

रंगांचं तर विचारूच नका. नाना रंगाऱ्याला सांगतात आमसुली, मेंदी, राणी, मोरपंखी, चिंतामणी. पोर्टलच्या यादीत लाल, हिरवा, निळा, गुलाबी आणि 'मल्टिकलर'. आमसुली तपकिरीत टाकू का जांभळ्यात? मी तपकिरीत टाकली, आत्तेभावानं मरूनमध्ये. एकच चादर दोन रंगांची झाली.

आता प्रश्न. एकदाच नीट लिहून ठेवावं आणि सगळ्या दुकानांना, गुगललाही ते कळावं, अशी ठरलेली पद्धत आहे का? आत्तेभाऊ म्हणतो 'स्किमा टाक'. सीए म्हणतात 'एचएसएन बरोबर घाल'. एका एजंटाचा फोन आला, तो म्हणे बारकोड घ्या, स्वस्तात देतो, मग सगळीकडं वर दिसाल. तिघांचं ऐकून माझ्या डोक्याची लडी गुंतलीय.

चाटी_गल्ली_जुने_दुकान

पोरी, कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही, ते जाणकार सांगतील. मी चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलोय, मला एकच विचारायचंय. तू ६०×९० लिहितेस ते माप कुणी घेतलं?

राग मानू नकोस. आमच्याकडं गठ्ठा यायचा, चिठ्ठीवर ६०×९० असायचं, आणि आम्ही गज लावला की कधी ८८, कधी साडेएक्याण्णव. मागावर ताण कमीजास्त असतो, घडी घालताना कापड ओढलं जातं, गोंडे मापात धरायचे का नाही यावर तर दोन कारखानदारांत एकमत होत नाही. दुकानात ते चालून जायचं, कारण गिऱ्हाईक चादर उलगडून बघायचं, दोन्ही हातांनी ओढायचं, नाकाला लावायचं. माप कुणी विचारायचंच नाही. 'मोठी दाखवा' म्हणायचे. तुझं गिऱ्हाईक फोनवर आहे, त्याला हात लावता येत नाही. त्याच्या हातात तू लिहिलेला आकडा आहे, बाकी काही नाही.

तेव्हा आधी दहा चादरी काढ. कोऱ्या मोज, वजन कर. त्यातल्या दोन धुऊन वाळवून परत मोज. सुती माल आहे, आटणारच. मग कुठलं माप लिहायचं ते नानांना विचार. त्यांना राग येईल, येऊ दे.

कडक_भाकरी_आणि_कोड

मूळचा साखर पेठेतला, सध्या पुण्यात. कामच हे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुमचे सीए, आत्तेभाऊ आणि एजंट तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत आणि तिघांनाही वाटतंय ती एकच आहे.

एचएसएन ही जकातीसाठी केलेली वर्गवारी, आपल्याकडं जीएसटीला तीच वापरतात. तिच्यातल्या ६३०२ या आकड्याखाली अंथरुणाचं, टेबलाचं, न्हाणीघराचं, स्वयंपाकघराचं कापड सगळं येतं, टेरी टॉवेलसुद्धा त्यातच. सरकारला कर किती घ्यायचा एवढं त्यातून कळतं. आत्याच्या शेजारणीला त्यातून चादर सापडणार नाही. सीए सांगतील तो आकडा घाला आणि विषय सोडा.

बारकोड म्हणजे ओळख. १९७४ साली अमेरिकेत ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा असं वाचलं गेलं, तेव्हापासून त्याचं काम तेच: हा नग कुणाचा आणि कुठला. लांबी, रंग, सूत यातलं त्या रेघांमध्ये काहीच नसतं. नंबर जीएस१ नावाची संस्था देते, भारतात जीएस१ इंडिया. इथं नोंदलेल्या कंपन्यांचे नंबर ८९० नं सुरू होतात. त्याचा अर्थ 'माल भारतात बनला' असा नाही, 'कंपनीनं नोंदणी भारतात केली' एवढाच.

एजंटाच्या स्वस्त बारकोडपासून लांब राहा. असले नंबर बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीच्या नावावरच्या गठ्ठ्यातले असतात. जीएस१ च्या साइटवर नंबर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. तुमच्या चादरीवर तिसऱ्याचंच नाव निघालं तर पोर्टल लिस्टिंग बंद करू शकतं. आणि घरच्या प्रिंटरवर स्वतःच २ नं सुरू होणारे नंबर छापले असतील तर ते गोदामात खुशाल वापरा. ती मालिका दुकानाच्या आतल्या वापरासाठीच राखून ठेवलीय, बाहेर कुणी धरत नाही.

फावल्या वेळची गंमत म्हणून सांगतो. बारकोडच्या तेरा आकड्यांतला शेवटचा आधीच्या बारांवरून निघतो. २०००००००० १२३ घ्या. पहिल्या आकड्याला एकानं, दुसऱ्याला तिनानं, परत एकानं, तिनानं असं गुणत जायचं. २, मग सगळी शून्यं, मग १ गुणिले ३, २ गुणिले १, ३ गुणिले ३. बेरीज १६. पुढचा दशक २०, म्हणून शेवटचा आकडा ४. टाइप करताना एक आकडा चुकला तरी मशीन तिथंच अडतं. तुमच्या ६० आणि ९० ला मात्र असा राखणदार नव्हता.

आता स्किमा. आत्तेभाऊ बरोबर आहे, पण अर्धाच. वेबपानावर माणूस 'पूर्ण सुती, डबल, नऊशे रुपये' वाचतो आणि समजतो. मशीनला ती नुसती अक्षरं. म्हणून पानाच्या आत, माणसाला न दिसणारं एक टिपण ठेवायचं: हा माल, हे नाव, हा ब्रँड, हा रंग, ही किंमत, चलन रुपया, शिल्लक आहे. या रकान्यांची नावं सगळ्यांनी एकच वापरावीत म्हणून गुगल, बिंग आणि याहू यांनी २०११ साली स्किमा डॉट ऑर्ग सुरू केलं. विक्रीच्या मालासाठी त्याच्या आधीच, २००८ साली, मार्टिन हेप या जर्मन प्राध्यापकानं गुडरिलेशन्स नावाची शब्दावली केली होती. ती २०१२ साली त्यात मिसळली. आज मालाचे जे रकाने वापरतो त्यातले बरेच तिथले.

तुमच्या दुखण्याचं औषध यातच आहे. मापाच्या रकान्यात नुसता आकडा लिहायचा नाही, आकडा आणि एकक वेगळं. एककांनाही ठरलेली तीन अक्षरी खूण असते: सेंटिमीटरला सीएमटी, इंचाला आयएनएच, ग्रॅमला जीआरएम. '६० आयएनएच' लिहिलं की मशीन त्याला दुपटं म्हणणार नाही.

दुसरं, एकाच चादरीचे सात रंग म्हणजे सात वेगळ्या लिस्टिंग करू नका आणि एकातही कोंबू नका. त्यासाठी गट असतो. वर एक नाव, खाली प्रत्येक रंगाचा आपला कोड, आपला फोटो, आपला साठा. गट कशावरून फुटतो, रंगावरून का मापावरून, तेही सांगायचं.

पण ताई, आधी साधी एक्सेल शीट करा. एका नगाला एक ओळ. पोर्टलं आणि वेबसाइट तिच्यातूनच भरायची, उलटं कधीच नाही. पोर्टलवर जाऊन हातानं दुरुस्ती केलीत की महिन्याभरात परत चादर दोन रंगांची होणार. स्किमाचं टिपण शीटवरून तासाभरात लिहून होतं, शीट करायलाच आठवडा जातो.

बारकोड घेतलेला नसेल तरी घाबरू नका. गुगलच्या मर्चंट सेंटरमध्ये (विक्रेते गुगलवर माल दाखवायला तिथं यादी देतात), ब्रँड आणि नंबर काहीच नसलेल्या मालासाठी 'ओळख क्रमांक नाही' असं सांगायची सोय आहे. खोटा नंबर घालण्यापेक्षा ते बरं.

एमआयडीसी_टॉवेलवाला

वरचं सगळं वाचलं, चांगलंय. पण आम्ही अक्कलकोट रोडला टॉवेल करतो, आमचा अनुभव वेगळा. सगळ्यांनी एकसारखे रकाने भरले की गिऱ्हाईक 'किंमत: कमी ते जास्त' लावतं आणि संपला खेळ. पूर्वी माल वेगळा आहे हे निदान बोलून सांगता यायचं. आता सगळे एका ओळीत.

'सोलापुरी' शब्दाचं तर काही राहिलंच नाही. चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. १९९९ चा कायदा आहे, २००३ पासून लागू आहे. तरी कुणीही कुठलाही माल 'सोलापुरी' नावानं चढवतो. पोर्टलवर 'मूळ देश' हा रकाना सक्तीचा, तो भारतावर थांबतो. पानिपत काय, सोलापूर काय, सगळं भारतच की! सांगा, तुमच्या स्किमात सोलापूर कुठं लिहायचं?

कडक_भाकरी_आणि_कोड

दादा, मानांकनाचं दुखणं खरंय. स्किमात हवा तो गुणधर्म लिहायला मोकळा रकाना आहे, तिथं मानांकन लिहिता येतं. पण पोर्टलच्या गाळणीत तो येईलच असं नाही, आणि खोटं लिहिणाऱ्याला तो रकाना अडवतही नाही. ते काम कायद्याचं. त्यासाठी आधी आपण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेलं असावं लागतं. तुम्ही नोंदलात का?

किमतीच्या बाबतीत मात्र मला उलटं वाटतं. तुमचाच धंदा घ्या. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल म्हणजे ७६ बाय १५२ सेंटिमीटर, क्षेत्रफळ साधारण १.१६ चौरस मीटर. तो ५२० ग्रॅम भरला तर जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, साडेचारशेच्या आसपास. आता पोर्टलवर बघा: '६०० जीएसएम, वजन ४०० ग्रॅम' अशी लिस्टिंग सापडते. ४०० ला १.१६ नं भागा, ३४५ येतात. माप, वजन आणि जीएसएम तीन वेगळ्या रकान्यांत, ठरलेल्या एककांत असले तर हा खोटेपणा भागाकारानं बाहेर येतो. फोटोखालच्या 'प्रीमियम लक्झरी सुपर सॉफ्ट'मधून काय बाहेर येणार?

एमआयडीसी_टॉवेलवाला

नोंदणीचं विचारू नका, नाही केलेली. भागाकाराचं पटलं. आत्ताच शेजारच्या कारखान्याची लिस्टिंग भागून बघितली. नाव सांगत नाही, संध्याकाळी चहाला एकत्र बसतो आम्ही.

एक भर घालतो. ओएनडीसीवर (विक्रेते आणि खरेदीची ॲपं जोडणारं खुलं जाळं) माल चढवायचा विचार असेल तर शीट आधीच नीट करा. तिथं एकदा भरलेली यादी वेगवेगळ्या खरेदीच्या ॲपांवर दिसते. चुकलं तर सगळीकडं एकदमच चुकतं.

मागावरची_मुलगी

मंडळी, सतरा दिवसांनी येतेय, माफ करा. मध्ये दोन दिवस वीज नव्हती, एक माग बिघडला, आणि एका ऑर्डरचं सूत उशिरा आलं.

काका, तुमचं ऐकून दहा चादरी मोजल्या. घडीच्या टेबलावर टेप चिकटवली, गोंडे सोडून मोजलं. सगळ्यात आखूड ८८ इंच, सगळ्यात लांब साडेनव्वद. रुंदी मात्र ६० ला धरून, फारतर अर्धा इंच इकडंतिकडं. वजन ११८० ते १२६० ग्रॅम. दोन धुतल्या: एक साडेशहाऐंशी झाली, एक सत्याऐंशी. नाना दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "चाळीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही, तू घरातच गिऱ्हाईक झालीस." संध्याकाळी बघितलं तर स्वतः चार नंबरच्या मागाशी जाऊन ताण बघत होते. ८८ वाली त्याच मागावरची निघाली.

शेवटी शीटमध्ये कोरी लांबी ८८, धुतल्यावरची ८६ असं लिहिलं, कमीत कमी धरून. दोन इंच जास्त मिळाली म्हणून कुणी परत पाठवत नाही. सेंटिमीटरचा रकाना शीटच करतो, मी हात लावत नाही. जीएसएमही काढला. सरासरी चादर १२२० ग्रॅम, ६०×९० धरून ३५० येतो. खऱ्या मापानं थोडा जास्तच, पण ३५० च लिहिलाय. टॉवेलवाले दादा, आमची लिस्टिंग भागून बघा खुशाल.

'बेडशीट'मधून काढून 'ब्लँकेट आणि पांघरुणं' यात टाकली. तिथं 'लोकर' आणि 'फ्लीस' हेच पर्याय पुढं, कॉटनसाठी बरंच खाली जावं लागतं. पण अभ्रे मागणारा या पंधरवड्यात एकही आला नाही. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत 'अभ्रे मिळत नाहीत' असं लिहिलंय, कदाचित त्यानंही असेल.

एजंटाला नाही म्हणून सांगितलं. त्यानं दर निम्मा केला. परत नाही म्हटलं.

रंगांसाठी पोर्टलच्या यादीतला एक रंग आणि शेजारी 'रंगाचं नाव' असा मोकळा रकाना, दोन्ही भरलेत. यादीतला कुठला निवडायचा ते ठरवायला चादरी गच्चीवर उन्हात टाकल्या आणि गल्लीतल्या पाच जणींना विचारलं. मेंदी हिरवी, राणी गुलाबी, यावर एकमत. चिंतामणी तिघींना निळी वाटली, दोघींना जांभळी. निळ्यात टाकली. आमसुलीवर भांडण झालं. एकीनं घरातून आमसुलं आणून चादरीवर ठेवली, तर कोरड्या आमसुलाचा रंग वेगळा आणि भिजवलेल्याचा वेगळा! नाना म्हणाले, रंगाऱ्याला मी भिजवलेलंच दाखवलं होतं. म्हणून मरून. आत्तेभाऊ जिंकला, त्याला अजून सांगितलेलं नाही.

काल आत्यानं परत शोधलं. कॉटन लावलं, डबल लावलं, आणि तिसऱ्या ओळीत आमची चादर आली. आत्यानं तिथूनच व्हिडिओ कॉल केला, शेजारीण पण होती. मग आत्यानं 'मरून'वर बोट लावलं तर फोटो उघडला पोपटी चादरीचा. गट करताना दोन ओळींचे फोटो अदलाबदल झालेत. शीट उघडून बसलेय आत्ता.